लपंडाव खेळणारा बिघाड



घरातला पंखा अजिबात फिरेनासा झाला, तर काम सोपे असते. वायरमन येतो, बटण पाहतो, कपॅसिटर पाहतो आणि तासाभरात पंखा फिरू लागतो. पण तोच पंखा रोज रात्री दोन वाजता थांबत असेल आणि वायरमन दारात आला की गुपचूप फिरत असेल, तर? "पंखा तर चालतोय की!" असे म्हणून वायरमन निघून जातो आणि आपणच खोटे पडतो.

अशा येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाला शोधायचे कसे? तो समोर असेल तेव्हाच सापडणार आणि समोर तर तो येत नाही. हा प्रश्न मला एका जुन्या मोटारीने घातला. तो सोडवताना जे भौतिकशास्त्र लागले, ते सगळे तुमच्या आठवी ते दहावीच्या पुस्तकांत आहे. म्हणून ती हकिगत तुम्हाला सांगतो.

कधी बरी, कधी आजारी

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या शेजारी एक काका राहतात. कारखान्यातली नोकरी संपवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे २०१० साली घेतलेली एक छोटी पेट्रोल मोटार आहे. काकूंच्या मूत्रपिंडांचे काम थांबल्यामुळे त्यांना आठवड्यातून तीनदा उल्हासनगरातल्या एका रुग्णालयात डायलिसिससाठी न्यावे लागते. चार तास यंत्राला जोडून राहिल्यावर माणूस अगदी गळून जातो. लोकलच्या गर्दीत चढणे शक्य नसते. त्यामुळे ही मोटार म्हणजे काकांची चैन नव्हे, गरज आहे.

तर ही मोटार लपंडाव खेळू लागली. सकाळी घरातून निघताना झकास चाले. परतताना मात्र कधी कधी थांबलेली गाडी पुन्हा सुरू व्हायला कुरकुर करी, इंजिन थरथरे, मागून काळसर धूर येई, पेट्रोलचा वास सुटे. मग एका संध्याकाळी, भर पावसात, रेल्वेवरच्या उड्डाणपुलाच्या चढावर ती बंदच पडली. मागच्या आसनावर काकू डोळे मिटून पडलेल्या, मागे वाहनांचे भोंगे. दोन रिक्षावाल्यांनी उतरून गाडी ढकलली, म्हणून निभावले. अर्ध्या तासाने तीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली!

दुसऱ्या दिवशी काका ती एका गॅरेजात घेऊन गेले. तिथे गाडीला स्कॅनर लावला. गाडीतल्या संगणकाच्या स्मृतीत एक सांकेतिक क्रमांक साठवलेला निघाला. त्याचा अर्थ होता, 'मिश्रणात पेट्रोल जास्त.' ही तक्रार ज्याच्या सांगण्यावरून नोंदली गेली, तो धुराच्या नळीतला ऑक्सिजन संवेदक बदलण्यात आला. सोबत स्पार्क प्लगही बदलले. साडेसहा हजार रुपये झाले. क्रमांक पुसला, दिवा विझला, गाडी आठ दिवस चांगली चालली आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच!

"सर, तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग सांगा, या गाडीला झालंय तरी काय?" काकांनी मला विचारले. खरे सांगतो, मला उत्तर देता आले नाही.

मोटारीची ज्ञानेंद्रिये

पुढे जाण्यापूर्वी संवेदक म्हणजे काय ते पाहू. पूर्वीच्या मोटारींत, उदाहरणार्थ मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत, हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्बुरेटर करीत असे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सकाळी जास्त पेट्रोल लागते. त्यासाठी चालक 'चोक'ची खुंटी ओढत असे आणि इंजिन तापले की ती परत ढकलत असे. म्हणजे इंजिन किती तापले याचा अंदाज चालकच घेत होता.

मग धुराचे नियम कडक झाले. १९९५ साली मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र बसवणे आवश्यक झाले. २००० पासून नियम आणखी कडक झाले. हे उत्प्रेरक पात्र नीट काम करायचे, तर १ किलोग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा हे प्रमाण काटेकोरपणे सांभाळावे लागते. कार्बुरेटरला ते जमण्यासारखे नव्हते. म्हणून पेट्रोलचा नेमका फवारा सोडणाऱ्या पिचकाऱ्या आल्या आणि फवारा किती वेळ सोडायचा हे ठरवायला छोटा संगणक आला.

पण संगणकाला डोळे नाहीत, कान नाहीत. त्याला कळते फक्त विभवांतर, म्हणजे व्होल्ट. बाहेरची प्रत्येक गोष्ट व्होल्टमध्ये बदलून त्याच्यापर्यंत पोहोचवणारी साधने म्हणजे संवेदक. त्यांतले तीन आपण ओळखून घेऊ.

पहिला, इंजिनाचा दांडा किती वेगाने फिरतो ते सांगणारा. एक लोहचुंबक, त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे आणि समोरून जाणारे दात्यांचे चाक. दाता जवळून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅराडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. आजकाल याच कामासाठी दुसऱ्या प्रकारचे संवेदकही वापरतात.

दुसरा, ऑक्सिजन संवेदक. धुराच्या नळीतला हा झिर्कोनियाचा तुकडा तापला, की एक लहानसा विद्युतघट बनतो. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झाले असेल, तर तो सुमारे ०.९ व्होल्ट देतो. ऑक्सिजन भरपूर उरला असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास.

तिसरा, इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याचे तापमान सांगणारा. याच्या पोटात थर्मिस्टर असतो. तांब्याची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो, हे तुम्ही शिकला आहात. थर्मिस्टरचे उलट असते, तो तापला की त्याचा रोध घटतो. हा उलटा गुणधर्मही प्रथम फॅराडेनेच १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. पद्मिनीचा चालक चोक ओढताना जो अंदाज करीत होता, तो आता या थर्मिस्टरच्या सांगण्यावरून संगणक करतो.

नोंदवही

आता काकांच्या मोटारीकडे येऊ. मला मोटार दुरुस्त करता येत नाही. पण प्रयोगवही लिहिता येते! काकांना मी एक शंभर पानी वही दिली आणि म्हटले, "प्रत्येक फेरीला एवढंच लिहा. पाऊस होता का, पेट्रोल किती होतं, वाटेत गाडी किती वेळ थांबवली आणि बिघाड झाला की नाही."

काकांचा पक्का समज होता, की हे पावसाचे काम आहे. चार आठवड्यांत बारा फेऱ्या झाल्या. बिघाड पाच वेळा झाला. त्यांतल्या तीन वेळा पाऊस होता. "बघा, मी म्हणत नव्हतो?" काका म्हणाले.

पण थांबा. बारा फेऱ्यांपैकी पाऊस किती फेऱ्यांना होता? सहा. म्हणजे पावसाच्या सहा फेऱ्यांत तीनदा बिघाड आणि कोरड्या सहा फेऱ्यांत दोनदा. एवढ्याशा फरकावरून पावसाला दोषी ठरवता येणार नाही. बिघाड झालेल्या वेळाच मोजल्या आणि न झालेल्या वेळा मोजल्याच नाहीत, तर आपण असे फसतो.

मग दुसरा रकाना पाहिला. परतताना औषधाच्या दुकानाशी किंवा स्टेशनजवळच्या बाजारात दहा ते वीस मिनिटे गाडी उभी केली, अशा फेऱ्या सहा. त्यांपैकी पाच फेऱ्यांत बिघाड! आणि न थांबता घरी आलेल्या सहा फेऱ्यांत एकदाही नाही. पुलाच्या चढावर गाडी बंद पडली, त्या संध्याकाळीही ते आधी औषधांच्या दुकानाशी थांबले होते.

दहा-वीस मिनिटे उभे राहिल्याने काय होते? आपल्याला वाटते, गाडी गार होते. पण इंजिन बंद केल्याबरोबर पाण्याचे अभिसरण थांबते, समोरून येणारा वाराही थांबतो. तापलेल्या लोखंडातली उष्णता मात्र बाहेर पडतच राहते आणि झाकणाखाली कोंडते. त्यामुळे इंजिनाभोवतीच्या वायरी, प्लॅस्टिकच्या जोडण्या आणि संवेदक हे गाडी धावत असताना असतात त्याहून काही काळ अधिक तापतात. म्हणजे आपला बिघाड उष्णतेचा मित्र होता.

बिघाडाला आमंत्रण

ही वही घेऊन आम्ही आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला मोटारींचे वायरिंग करणाऱ्या एका तरुणाकडे गेलो. आयटीआयमध्ये शिकलेला, पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा. त्याने वही दोनदा वाचली.

"काका, गाडी आज ठेवून जा. उद्या सकाळी सात वाजता या. आणि सर, तुम्हीपण या."

सकाळी गाडी रात्रभर गार झालेली होती. इंजिन सुरू करण्याआधीच त्याने स्कॅनर लावला आणि दोन आकडे दाखवले. इंजिनाचे पाणी २७ अंश सेल्सिअस, आत येणारी हवा २८ अंश.

"रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत," तो म्हणाला. "दोघं वेगवेगळे साक्षीदार आहेत. दोघं एकच सांगतायत, म्हणजे आत्ता तरी दोघं खरं बोलतायत."

उत्तम युक्ती! दोन वस्तू बराच वेळ एकत्र राहिल्या की त्यांचे तापमान सारखे होते, या साध्या नियमावर त्याने दोन संवेदक एकदम तपासले.

मग तो गाडी घेऊन बदलापूरच्या बाजूला अर्धा तास फिरून आला. इंजिन पुरते तापले. स्कॅनरवर ८६ अंश. त्याने गाडी बंद केली, झाकण लावलेलेच ठेवले आणि आम्हाला चहा पाजला. बारा मिनिटांनी त्याने पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन कुरकुरत सुरू झाले, थरथरू लागले, पेट्रोलचा वास आला.

"आला बघा पाहुणा!" तो म्हणाला.

बिघाडाची वाट पाहत बसायचे नाही, त्याला आवडणारी परिस्थिती तयार करायची आणि त्याला बोलावून घ्यायचे. पहिल्या गॅरेजात गाडी नेली, तेव्हा ती गार होती. बिघाड तिथे नव्हताच, होती ती फक्त त्याने मागे ठेवलेली तक्रार.

पाणी एका सेकंदात गार होते का?

मी स्कॅनरवर नजर ठेवली. पाण्याचे तापमान ८६ दाखवत होते. पुढच्याच सेकंदाला ४६. मग ८५. पुन्हा ४८.

आता मित्रांनो, पेन्सिल घ्या. इंजिनातल्या फिरत्या द्रवाला आपण सोयीसाठी ४ लिटर, म्हणजे ४ किलोग्रॅम पाणी समजू. १ किलोग्रॅम पाणी १ अंशाने गार व्हायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडावी लागते. मग ८६ वरून ४६ वर, म्हणजे ४० अंशांनी उतरायला किती?

४ × ४.२ × ४० = ६७२ किलोज्यूल.

हे सगळे एका सेकंदात झाले, तर शक्ती होते ६७२ किलोवॅट. ही सुमारे ९०० अश्वशक्ती झाली! अशा छोट्या मोटारीच्या इंजिनाची सगळी ताकद ५० किलोवॅटच्या आसपास असते. आपल्या घरातला गीझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे ३३६ गीझर जेवढी उष्णता देतील, तेवढी एका सेकंदात बाहेर काढली, तर ते पाणी ४६ अंशांवर येईल. आणि यात इंजिनाचे लोखंड धरलेलेच नाही.

म्हणजे पाणी गार झालेले नव्हते. गार झाला होता तो फक्त आकडा. पाणी आणि आकडा यांच्या मध्ये काय असते? थर्मिस्टर, दोन वायरी आणि त्यांची जोडणी. चोर या वाटेवरच कुठेतरी होता.

सातशे ओहमचा खोटेपणा

संगणक पाण्याचे तापमान कसे मोजतो ते पाहा. त्याच्या आत ५ व्होल्टचा पुरवठा आणि एक ठरावीक रोध असतो. तो २२०० ओहमचा आहे असे समजू. त्याच्याशी एकसरीत थर्मिस्टर जोडलेला असतो. थर्मिस्टरच्या वाट्याला किती व्होल्ट येतात, ते संगणक पाहतो आणि त्यावरून तापमान ठरवतो. मोटारीत सर्रास आढळणाऱ्या एका थर्मिस्टरचे आकडे साधारण असे असतात:

२० अंशांना २५०० ओहम
४० अंशांना १२०० ओहम
५० अंशांना ८३० ओहम
८५ अंशांना २८० ओहम

इंजिन ८५ अंशांवर असेल, तर एकूण रोध २२०० + २८० = २४८० ओहम. थर्मिस्टरच्या वाट्याला येतील ५ × २८० ÷ २४८० = ०.५६ व्होल्ट.

आता समजा, वाटेतल्या जोडणीत गंज चढून तिथे ७०० ओहमचा जादा रोध तयार झाला. संगणकाला दिसणारा रोध होईल २८० + ७०० = ९८० ओहम आणि व्होल्ट होतील ५ × ९८० ÷ ३१८० = १.५४. संगणक बिचारा आपल्या तक्त्यात पाहतो. ९८० ओहम म्हणजे ४० आणि ५० अंशांच्या मध्ये, सुमारे ४६ अंश. तो म्हणतो, "इंजिन अजून गारच आहे, पेट्रोल वाढवा." तापलेल्या पद्मिनीचा चोक कोणी ओढला, तर जे होईल तेच इथे झाले. काळा धूर, पेट्रोलचा वास, गुदमरणारे इंजिन.

संगणकाने याची तक्रार का नोंदवली नाही? कारण ४६ अंश हे तापमान अशक्य नाही. वायर पूर्ण तुटली असती, तर त्याला सरळ ५ व्होल्ट दिसले असते आणि त्याने ताबडतोब दिवा लावला असता. पण पटण्यासारखे खोटे त्याला ओळखता आले नाही. उलट ऑक्सिजन संवेदक ओरडून सांगत होता, "पेट्रोल जास्त होतंय!" ते अगदी खरे होते. पण तक्रार त्याच्या नावावर नोंदली गेली, म्हणून त्यालाच काढून टाकले. खरे बोलणाऱ्याला शिक्षा आणि खोटे बोलणारा मोकळा!

त्या तरुणाने हे फार साध्या शब्दांत सांगितले. "सर, हा नंबर म्हणजे कंप्युटरला काय दिसलं ते. काय मोडलं ते नाही."

चोराच्या घरापर्यंत

दोष थर्मिस्टरचा की वायरीचा? त्याने जोडणी काढून थर्मिस्टरचा रोध थेट मोजला. सुमारे २८० ओहम. टकटक केली, हलवला, आकडा स्थिर. मग थर्मिस्टरच्या जागी वायरीच्या टोकाला त्याने ३३० ओहमचा साधा रोधक लावला. स्कॅनरवर ८० अंशांच्या आसपासचा स्थिर आकडा दिसायला हवा होता. त्याने वायर बोटाने हलवली आणि आकडा उडी मारून ५० च्या खाली गेला. थर्मिस्टर तर बाजूला टेबलावर पडलेला होता! तो निर्दोष ठरला.

मग तो वायरीवरून वीत वीत पुढे सरकत एकेक भाग हलवत गेला. दुसरे काहीही छेडायचे नाही, एका वेळी एकच बदल. इतर कुठे आकडा हलला नाही. फक्त जोडणीच्या टोकाशी हलला. तिथली पितळी टोपी बाहेर काढली, तेव्हा वायर जिथे चिमटलेली होती तिथे हिरवा थर दिसला. तांब्याच्या धाग्यांपैकी बरेच तुटलेले, उरलेले हिरवट. जोडणीत पाणी जाऊ नये म्हणून बसवलेली रबराची कडी जागेवर नव्हतीच. गार असताना धागे कसेबसे टेकत. उष्णतेने प्लॅस्टिक आणि धातू कमीजास्त प्रसरण पावले, की संपर्क सैल होई. त्यात इंजिनाची थरथर.

तुम्ही विचाराल, मोटारीतल्या इतर जोडण्याही गंजत असतील, मग त्या का त्रास देत नाहीत? ५५ वॅटच्या दिव्यातून सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह जातो. तिथे जोडणी बिघडली, तर दिवा मंद होतो, जोडणी तापते, लगेच कळते. थर्मिस्टरमधून जातो जेमतेम २ मिलिअँपिअर. दिवा नाही, उष्णता नाही, वास नाही. जिथे प्रवाह इतका थोडा, तिथे गंजाचा पातळ थरही मोठी चूक घडवतो.

कडी कुठे गेली? काकांना आठवले. २०१९ च्या जुलैत गाडी बदलापूरला त्यांच्या लेकीकडे उभी होती. २७ जुलैला उल्हास नदीला पूर आला. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली होती, तोच तो दिवस. गाडीच्या चाकांच्या वरपर्यंत पाणी आले. नंतर सगळ्या जोडण्या उघडून पुसल्या, वाळवल्या, गाडी सुरूही झाली. त्याच वेळी ही छोटी कडी परत बसवायची राहून गेली असावी.

आपल्या भागाला पूर नवे नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही या पट्ट्यात पाणी शिरले होते. पुराचे पाणी दोन दिवसांत ओसरते. पण मागे राहिलेला गाळ, क्षार आणि ओल जोडण्यांत आपले काम करीत राहतात. त्यातच ५ व्होल्टचा दाब असेल, तर विद्युतअपघटनाने तांबे अधिकच झिजते. म्हणून पुरात उभी राहिलेली गाडी चालू झाली म्हणजे बरी झाली असे नाही. तिचा आजार काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही डोके वर काढतो.

नवी पितळी टोपी आणि नवी कडी मिळून दोनशे रुपयांच्या आत काम झाले. पण तो मुलगा तेवढ्यावर थांबला नाही. त्याने गाडी पुन्हा तापवली, पुन्हा बारा मिनिटे उभी केली, पुन्हा सुरू केली. तीनदा. तिन्ही वेळा आकडा ८५ च्या आसपास स्थिर. ज्या परिस्थितीत बिघाड येत होता, त्याच परिस्थितीत तो येत नाही हे पाहिल्याशिवाय दुरुस्ती झाली असे म्हणता येत नाही.

निर्दोष साक्षीदार

काकांनी तो काढून टाकलेला ऑक्सिजन संवेदक जपून ठेवला होता. मी तो प्रयोगशाळेत नेला. चिमट्यात धरून बर्नरच्या पिवळसर ज्योतीत तापवला आणि वायरींना व्होल्टमापक लावला. आकडा चढत चढत ०.८ व्होल्टच्या पुढे गेला. ज्योतीबाहेर काढून मोकळी हवा लागू दिली, तसा तो झरझर खाली आला. संवेदक उत्तम होता! काकांना हे सांगितले, तेव्हा ते थोडे हळहळले आणि मग हसले. (हा प्रयोग तुम्ही घरी करू नका. संवेदक लालबुंद होतो.)

करून पाहा

तुम्हाला करण्याजोगा प्रयोग वेगळा आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० किलो-ओहमचा थर्मिस्टर आणा. तो रोध घटणाऱ्या प्रकारचा हवा. तो एका परीक्षानळीत ठेवा, वायरी बाहेर काढा. नळी कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवा, शेजारी तापमापक ठेवा. पाणी ६० अंशांपासून ३० अंशांपर्यंत गार होऊ द्या आणि दर ५ अंशांना मल्टिमीटरने रोध मोजा. आलेख काढा. तो सरळ रेषा येतो की वक्र?

आता तांब्याच्या तारेचे दोन तुकडे मिठाच्या पाण्यात भिजवून आठ-दहा दिवस ओलसर ठेवा. हिरवट थर चढला की ते एकमेकांना सैल पीळ देऊन थर्मिस्टरच्या एका वायरीत एकसरीत जोडा. पुन्हा मोजा. मग पीळ हळूच हलवा. तुमच्या आलेखानुसार पाणी एका क्षणात किती अंशांनी 'गार' झाले? ते खरोखर व्हायला किती शक्ती लागली असती, तेही काढा.

आणि एक गणित. वरच्या तक्त्यातला थर्मिस्टर ८५ अंशांवर असताना संगणकाला ४० अंश वाटावेत, यासाठी जोडणीत किती जादा रोध लागेल? ९२० ओहम येते का पाहा.

मोटारीवर मात्र मोठ्या माणसांवाचून प्रयोग नको. चालू इंजिनात हात घालू नका आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून अंगावर येते.

घरातला रेडिओ, शाळेतला पंप, सायकलचा दिवा, काहीही मधूनच बिघडत असेल, तर आधी एक वही घ्या. बिघाड केव्हा झाला ते लिहा आणि केव्हा झाला नाही तेही लिहा. दोन्ही रकाने भरले, की त्याला काय आवडते ते कळेल. मग त्याला बोलावता येईल.

काकांची वही अजून चालू आहे. काकूंच्या फेऱ्या आठवड्यातून तीन, तशाच. परतताना ते आजही औषधांच्या दुकानाशी थांबतात. बिघाडाच्या रकान्यात पानेच्या पाने एकच शब्द आहे, 'नाही'.